सूचीतून वगळलेली पाने

विषय : धरण-वसाहतीतील बंद शाळेच्या विद्यार्थ्यांची संकेतस्थळावरील पाने शोधयंत्राच्या सूचीतून वगळली गेल्याबाबत.

संदर्भ : श्रीमती गजराबाई पवार यांचा वयाच्या दाखल्यासाठीचा अर्ज व त्यावर वेळोवेळी मारलेले शेरे.

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन असे की, एकदा एक वृद्ध अभिलेखपाल होता. तालुक्याच्या शिक्षण कार्यालयातील जुनी दप्तरे सांभाळण्यात त्याची चौतीस वर्षे गेली होती. निवृत्तीनंतर तो दर रविवारी सकाळी घरी मोडी लिपी शिकवी. सुरुवातीला विद्यार्थी नऊ होते. मोडी शिकून नोकरी लागत नाही हे कळल्यावर एक उरला. ज्ञानासाठी ज्ञान घेणाऱ्यांचे प्रमाण आपल्याकडे साधारण एवढेच आहे.

हा शिष्य चाळिशीच्या आतबाहेरचा होता. बाजारपेठेत त्याचे झेरॉक्सचे आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान होते. त्याच्याकडे एकदा दोन जाड वह्या आल्या. त्यांची हकीकत अशी : धरण बांधायला आलेल्या मजुरांच्या मुलांसाठी वसाहतीत एक शाळा होती. धरण पुरे झाले, वसाहत उठली, शाळा बंद पडली, आणि तिची विद्यार्थी नोंदवही तालुक्याच्या कार्यालयात जमा झाली. मात्र जमा करण्याआधी मुख्याध्यापकांनी ती स्वतःच्या हाताने पूर्ण उतरवून घेतली. त्यांना कार्यालयाचा अनुभव असावा. ते वारल्यावर पुष्कळ वर्षांनी त्यांच्या मुलीने माळा आवरताना त्या वह्या शिष्याच्या हवाली केल्या.

त्या शाळेतली मुले आता म्हातारी झाली होती. मुकादम नेईल तिकडे दगड फोडत, मुरूम वाहत ती चार जिल्ह्यांत पांगली होती. निराधार योजना असो की आणखी काही, प्रत्येक ठिकाणी वयाचा पुरावा लागतो, आणि यांच्यापाशी शाळेच्या नोंदीखेरीज पुरावा नव्हता. ते कार्यालयात गेले की खिडकीतून विचारणा होई, "नोंद क्रमांक सांगा, मग शोधतो." नोंद क्रमांक नोंदवहीत होता. नोंदवही खिडकीच्या आत होती. ही व्यवस्था कोणी बसवली, त्याचे नाव मात्र कोणत्याही दप्तरात आढळत नाही.

शिष्याने एक संकेतस्थळ केले. एका विद्यार्थ्याला एक पान. पानावर नाव, बापाचे नाव, मूळ गाव, दाखल झाल्याचे वर्ष आणि नोंद क्रमांक. बाकी काही नाही, कारण वहीतले देण्याजोगे तेवढेच होते. अशी एक हजार नऊशे चार पाने झाली. कुणाचा नातू मोबाइलवर आजोबांचे नाव टाकी, पान समोर येई, क्रमांक मिळे, आणि खिडकीतल्या माणसाला नाइलाजाने खुर्चीवरून उठावे लागे. दोन वर्षांत तीनशेवर माणसांना दाखले मिळाले. एका म्हाताऱ्याने दुकानात फोन करून आपल्या पानावरचा मजकूर शिष्याकडून तीनदा वाचून घेतला. दाखला त्याला नको होता. आपल्या बापाचे नाव कुठेतरी छापलेले आहे, एवढे त्याला ऐकायचे होते.

मग एका महिन्यात पाने दिसेनाशी झाली. संकेतस्थळ जागच्या जागी होते, पाने जागच्या जागी होती. पण शोधयंत्रात नाव टाकले तर ती येत नव्हती. एक हजार नऊशे चारांपैकी अकरा उरली. शिष्याने खालच्या कोपऱ्यातला तक्रारीचा रकाना शोधून काढून तक्रार केली. उत्तर आले. ते त्याने रविवारी वृद्धाला वाचून दाखवले : "पान पाहिले. सध्या सूचीत घेतलेले नाही."

वृद्धाने ते पुन्हा वाचायला सांगितले. मग तो म्हणाला, "हे यंत्र आमच्याच खात्यातून निवृत्त झालेलं दिसतं."

शिष्याने जाणकारांकडे चौकशी केली तेव्हा कारण कळले. सगळी पाने एकसारखी दिसतात आणि प्रत्येकावर मजकूर अगदी थोडा आहे, म्हणून ती कुणाच्या उपयोगाची नसावीत असे यंत्राचे मत पडले होते. मजकूर वाढवा, प्रत्येक पान वेगळे दिसू द्या, असा सल्ला मिळाला. सल्ला देणाऱ्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर केस वाढवण्याच्या तेलाविषयी चारशे पाने होती आणि ती सर्व दिसत होती.

शिष्याने मजकूर वाढवला. आता वहीत नसलेला मजकूर कुठून आणायचा? त्याने गौरवपर अशी साठ वाक्ये रचली. कुणी कबड्डीत तरबेज, कुणी पाढ्यांत पहिला, कुणाचा आवाज गोड, कुणाचे अक्षर मोत्यासारखे. ही वाक्ये उलटसुलट जुळवून संगणकाकडून त्याने एक हजार नऊशे चार पानांवर पत्ते वाटावेत तशी वाटली. पाच आठवड्यांत पाने परत आली. शिष्य पेढे घेऊन गुरूच्या घरी गेला.

वृद्धाने पेढा हातात धरला आणि एक पान वाचायला मागितले. वाचून झाल्यावर त्याने विचारले, "हे कबड्डीचं कुठल्या वहीत आहे?"

शिष्य हसला. म्हणाला, "वहीत नाही, गुरुजी. यंत्राची समजूत घातली. वाईट तर कुणाचं लिहिलेलं नाही ना."

वृद्धाने पेढा बशीत परत ठेवला आणि त्या दिवशीचा मोडीचा धडा शिकवायला घेतला.

पुढच्या रविवारी शिष्य आला तेव्हा गुरूच्या दारावर नुसत्या नावाची जुनी पितळी पाटी नव्हती. तिथे चार फुटी रंगीत फलक होता. त्यावर वृद्धाच्या नावापुढे ज्योतिषभूषण, हाडवैद्य, विवाह जुळवणूक, जमीनमोजणी आणि सर्व प्रकारचे दाखले अशी बिरुदे होती. अंगणात सातआठ माणसे बसली होती. वृद्ध ओटीवर पेपर वाचत होता. गुरूचे वय झाले, असे शिष्याच्या मनात आले.

वृद्धाने पेपरवरून वर न पाहता सांगितले, "यातलं मला काही येत नाही, असं त्या मंडळींना एकेकाजवळ जाऊन सांग."

शिष्याने तसे सांगितले. पत्रिका घेऊन आलेला गृहस्थ पुटपुटत गेला. मुलीसाठी स्थळ पाहायला आलेल्या बाईने फलक पुन्हा मोठ्याने वाचून दाखवला आणि तीही गेली. टेम्पोवर माल चढवणारा एक हमाल मनगट टॉवेलने गळ्यात बांधून बसला होता. मनगट वांग्याएवढे सुजले होते. दवाखान्याची रांग सोडून तो इकडे आला होता आणि आता दवाखान्याची रविवारची अर्धी वेळ संपली होती. तो ओरडला नाही. त्याने शिष्याला विचारले, "येत नव्हतं तर लावलं कशाला? मी वाचता येणारा माणूस, म्हणून फसलो." आणि हात सांभाळत तो निघून गेला.

आता अंगणात एक म्हातारी उरली. ती चुरमुऱ्याच्या भट्टीवर चाळणी मारण्याचे काम करी आणि धगीने तिचे डोळे कायम लाल असत. ती गजराबाई पवार, माहेरची धोत्रे. सरकारी कार्डावर तिचे वय सात वर्षांनी कमी पडले होते. सरकारने तिला एवढे तरुण केले, त्याबद्दल तिने कधी आभार मानले नाहीत, कारण तरुण माणसाला वृद्धांची योजना मिळत नाही आणि भट्टीपुढे उभे राहणे तिला आता होत नव्हते. पाने गेली होती त्या दिवसांत तिच्या सुनेने तिचे नाव शोधून पाहिले, तर यंत्राने फुलांची दुकाने दाखवली. पुढे पान सापडले. सुनेने ते गावातच छापून घेतले आणि म्हातारी ते घेऊन खिडकीशी गेली.

खिडकीतल्या लिपिकाने कधी नव्हे तो सगळा मजकूर वाचला. मग अर्ज पुढे सरकवून सही करायला सांगितले. गजराबाईने अंगठा उठवला. लिपिकाने अंगठ्याकडे पाहिले, छापील पानाकडे पाहिले, आणि शेरा लिहिला. तो कागद तिने आता शिष्यापुढे धरला. शेरा असा होता : "नोंदीतील विद्यार्थिनीचे अक्षर मोत्यासारखे असल्याचे नमूद आहे. अर्जदार निरक्षर आहे. दोन्ही व्यक्ती एकच असल्याची खात्री होत नाही. ओळख पटल्याखेरीज मूळ दप्तर उघडता येत नाही."

शिष्याने तो शेरा दोनदा वाचला.

गजराबाई म्हणाली, "पहिलीत दोन महिने बसले, मग आईसंगं खडी फोडाया गेले. पाटीवर ग काढला असंल तेवढाच. लिवणाऱ्याला माझं अक्षर ठावं नव्हतं, तर लिवलं कशाला, दादा?"

लिहिणारा समोरच बसला आहे हे तिला माहीत नव्हते. शिष्याने ते तिला सांगितले. तिने कागद परत घेतला आणि ती म्हणाली की तिला दुपारच्या पाळीला जायचे आहे.

ती गेल्यावर वृद्धाने पेपरची घडी घातली. तो म्हणाला, "बाई गुरुवारीच माझ्याकडे आल्या होत्या. जुना दप्तरवाला अजून जिवंत आहे, असं शिपायानं सांगितलं त्यांना. मीच आज परत बोलावलं. फलक काल रंगवून घेतला. त्या हमालाचा दिवस मी वाया घालवला, ते पाप माझ्याकडे. तुला नुसतं तोंडानं सांगितलं असतं तर तू मान डोलावली असतीस आणि साठाची सत्तर वाक्यं केली असतीस. यंत्रानं तुझी पानं दाखवली नाहीत, हा यंत्राचा आंधळेपणा. पण त्याला दिसावं म्हणून तू जी पानं केलीस ती त्या लोकांची राहिली नाहीत. लोक आता सापडतात, पण सापडतो तो दुसराच कुणीतरी."

शिष्य म्हणाला, "मग काय करायला हवं होतं, गुरुजी? खरं ठेवलं तर कुणाला दिसत नाही."

वृद्ध म्हणाला, "ते मला विचारू नकोस. त्या शाळेची नोंदवही कार्यालयात आली तेव्हा ताब्यात मी घेतली. नियम होता, दप्तराबरोबर नावांची अक्षरवार सूची करायची. एक हजार नऊशे नावं. दोन महिने गेले असते, आणि ती मुलं वडारांची, दगडफोड्यांची. ती कधी दाखला मागायला येतील असं मला वाटलं नाही. मी वही लाल कापडात बांधली, वर क्रमांक टाकला आणि सूचीच्या रकान्यात 'आवश्यक नाही' असं लिहिलं. क्रमांक सांगा, मग शोधतो, हे खिडकीतलं वाक्य आहे ना, त्याचा उगम तो रकाना आहे. त्यानंतर 'अभिलेख उपलब्ध नाही' हा शेरा मी किती अर्जांवर मारला असेल, मोजलेलं नाही. निम्म्या वेळा मी उठून पाहिलंही नव्हतं. तुझ्या यंत्रानं निदान पान पाहिलं तरी होतं."

शिष्य उठला. वृद्धाला बरोबर घेऊन तो दुकानात गेला आणि त्याने सगळी वाक्ये पुसली. संगणकासमोर बसलाच होता म्हणून नावांची अक्षरवार सूचीही काढली. चहा गाळून होईपर्यंत ती छापून झाली. सदतीस पाने. वृद्धाने ती हातात घेतली आणि दोन महिन्यांचे ते काम चाळून पाहिले.

पुढील कार्यवाही खालीलप्रमाणे झाली.

पाने पुन्हा बारीक झाल्यावर पंधरा दिवसांत शोधयंत्राने ती वगळली. यावेळी नऊ उरली.

शिष्याने कार्यालयात लेखी कबुली दिली की अक्षराविषयीचे वाक्य आपण मनाने लिहिले होते, गजराबाईंचा त्यात दोष नाही. लिपिकाने ती वाचून विचारले, "म्हणजे पानावर खोटं छापलं होतं, असं तुम्हीच म्हणता. मग क्रमांक तरी खरा कशावरून?" या संकेतस्थळावरील क्रमांकांच्या आधारे आलेले सर्व अर्ज चौकशी होईपर्यंत थांबवावेत, असे परिपत्रक त्याच आठवड्यात निघाले. कार्यालयाने एवढ्या तातडीने काढलेले हे बहुधा एकमेव परिपत्रक असावे.

वृद्धाने अर्ज केला की दप्तर आपल्या देखत सोडावे, सूची मूळ नोंदवहीशी ताडून आत ठेवावी, आणि सूची नसल्याचा दोष आपल्या नावे लिहावा. अर्ज आवक नोंदवहीत घेण्यात आला व पोच देण्यात आली. निवृत्त कर्मचाऱ्याच्या नावे दोष लिहिण्याची तरतूद आहे किंवा कसे, याबाबत वरिष्ठांचे मार्गदर्शन मागवले आहे.

दारावरचा फलक उतरवून जुनी पाटी लावण्यात आली आहे. मोडीचा वर्ग बंद आहे. रविवारी शिष्य येतो आणि दोघे मिळून पांगलेल्या लोकांना त्यांचा क्रमांक पोस्टकार्डावर कळवतात. पत्ता म्हणून वहीतले मूळ गावच घालावे लागत असल्याने बरीच कार्डे परत येतात.

गजराबाई भट्टीवर आहेत. अर्ज प्रलंबित आहे.