डावी पाकळी

“माझ्यावर एकानंसुद्धा विश्वास ठेवला नाही, काका. आणि वर तो दत्ताराम म्हणतो, रॅटिफाय करून आण. कुठं मिळतं ते?”

भिवा गुरव देवीच्या पाषाणावर पाणी घालत होते. थांबले नाहीत.

“कशाचं रॅटिफाय?”

“कुसुमनं मरताना पोर माझ्या ओटीत घातली, त्याचं. तोंडात दात नव्हता तेव्हापासून मी वाढवली. आता हा चुलता म्हणून मुंबईहून उगवलाय, तिला न्यायला. साक्षीदार दाखव म्हणतो. मरणाऱ्या बाईच्या उशाशी काय पंच बसवायचे होते?”

“झालेल्या गोष्टीला होकार देणं, म्हणजे रॅटिफाय,” गुरव म्हणाले. “पण आधी ती झालेली असावी लागते, मथुरे.”

“झालीये! म्हणून तर आले. लावा कौल.”

बाहेर मंडपात दत्ताराम आणि पंच बसले होते. पोर, यमी, माझा पदर धरून उभी होती.

गुरवांनी गाऱ्हाणं घातलं. ओल्या पाषाणावर दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर पोर माझी. डावी पडली तर त्याची.

...

दोन्ही हलेनात. समईची ज्योतसुद्धा हलेना. मी गावात कुणाच्या बापाला भीत नाही. पण त्या काळ्या दगडाला भ्याले.

मग डावी थरथरली.

मला कळायच्या आत मी उंबरठा ओलांडला होता. ज्या पाषाणाला गुरवाशिवाय कुणी शिवत नाही, त्याच्यावर माझा अंगठा होता. पाकळी दाबून धरलेला.

“हात काढ,” गुरव हळूच म्हणाले.

“नाही.”

“देवी आहे ती.”

“असू दे.”

...

वाटलं, आता वीज पडणार. दगड अंगठ्याखाली गार होता. आणि खरं सांगते, तो आतून धडधडत होता. का माझंच काळीज होतं ते, देवीला ठाऊक.

गुरवांनी हात जोडले. पाषाणाकडं तोंड करून नाही. माझ्याकडं.



“कौल झाला!” ते बाहेर ओरडले. “पोर मथुरेची!”

“असं कसं?” दत्ताराम उसळला. “उद्या पोरीचं काही बरंवाईट झालं, तर दोष कुणाला द्यायचा? देवीला?”

गुरवांनी समईची वात पुढं सारली.

“मथुरेला.”