बोराएवढी पृथ्वी

फार पूर्वी डोंगरांच्या कुशीत एक नगर होतं, आणि त्या नगरात दोन पाथरवट होते. एकाचं नाव येमाजी, दुसऱ्याचं सिदोजी. दोघं एकाच वस्तादाच्या हाताखाली शिकले, एकाच ताटात जेवले. सिदोजीचा हात मोठ्या कामात बसलेला. खांब, कमानी, देवळापुढचे हत्ती घडवावेत तर त्यानंच. येमाजीचा हात बारीक. दगडी फुलाच्या पाकळीवर तो शीरसुद्धा उमटवायचा.

त्या नगरच्या राजाला एकुलती एक मुलगी होती. सहाव्या वर्षी तिला देवी आल्या आणि त्यात तिची दृष्टी गेली. पण पाहिलेलं आभाळ तिच्या मनात राहिलं होतं. मोठी झाल्यावर एकदा तिनं वडिलांना विचारलं, की त्या चांदण्या खरोखर तेवढ्याशाच असतात का. राजाला उत्तर देता येईना. त्यानं राजज्योतिष्याला बोलावलं.

ज्योतिषी म्हातारा होता, उभा जन्म ग्रहताऱ्यांची मापं काढण्यात घालवलेला. तो म्हणाला, नुसतं तोंडानं सांगून काय उपयोग, बाईसाहेबांच्या हाताला कळलं पाहिजे. मग असं ठरलं, की राजबागेत सूर्य आणि ग्रह दगडात घडवून ठेवायचे. पृथ्वी बोराएवढी धरायची आणि बाकी सगळ्यांची मापं तिच्यावरून काढायची. चंद्र तुरीच्या दाण्याएवढा. गुरू पृथ्वीच्या अकरा पट रुंद, म्हणजे कलिंगडाएवढा. आणि सूर्य एकशे नऊ पट, उभ्या माणसाच्या डोक्यावरून जाईल असा.

कामाची वाटणी ज्योतिष्यानंच केली. सूर्य, गुरू, शनी असे मोठे गोळे सिदोजीला दिले. पृथ्वी, चंद्र, मंगळ, शुक्र, बुध हे येमाजीला. तो येमाजीला म्हणाला, "सगळ्यांची मापं पृथ्वीवरून. ती केसभर चुकली तर सगळंच चुकलं. म्हणून ती तुमच्या हाती देतोय."

पण येमाजीच्या कानात ते शिरलंच नाही. त्याला एवढंच दिसलं, की सिदोजीला सूर्य मिळाला आणि आपल्याला बोर.

सूर्याचा दगड खाणीतून आला तेव्हा गाड्याला बारा बैल जुंपले होते. अख्खं नगर रस्त्याच्या कडेला लोटलं. बायकांनी दगडाला हळदकुंकू वाहिलं. गर्दीत येमाजीही होता. शेजारच्या एकानं सहज विचारलं, की तुमच्या वाट्याला काय आलं. येमाजीनं मूठ उघडून दाखवली. तो माणूस हसला, वाईट मनानं नव्हे, पण हसला. ते हसू येमाजीच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं.

त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. बायकोनं सिदोजीच्या घरचं नाव काढलं तरी तो ताटावरून उठायचा. सिदोजीच्या मनात काही नव्हतं. तो भोळेपणानं येऊन म्हणायचा, की येमा, जरा चल, सूर्याला झिलई कशी द्यावी ते सांग, तुझ्यासारखा हात माझा नाही. येमाजी जायचा, सांगायचाही. पण परत येताना त्याच्या मनात एकच घोळत असायचं. हा उंच परांचीवर चढून काम करतो, लोक मान वर करून बघतात. माझं काम बघायला लोकांना वाकावं लागतं.

येमाजीची पृथ्वी आधीच घडून झाली होती. ज्योतिष्यानं ती सुताच्या फासात धरून तपासली आणि खूश होऊन पाठ थोपटली. पण ती खांबावर बसवायच्या पंधरा दिवस आधी येमाजीनं गुपचूप ती नदीच्या डोहात फेकून दिली आणि दुसरी घडवली. ती आवळ्याएवढी होती. थोडी तरी डोळ्यात भरेल, असं त्याला वाटलं. बोर काय आणि आवळा काय, कोण मोजायला बसलंय!

राजकन्या मोजायला बसली.

उद्घाटनाच्या दिवशी सगळा दरबार बागेत जमला. राजकन्येनं आधी पृथ्वी चाचपली. तिच्या घेराएवढा एक दोरा तिनं तोडून घेतला आणि तो बोटांत धरून ती गुरूपाशी गेली. गुरूभोवती तिनं तो पुन्हा पुन्हा लावला. लोक कौतुकानं बघत होते. तिनं दोनदा मोजलं, मग तिसऱ्यांदा मोजलं.

"आठच भरतात," ती म्हणाली. "तुम्ही तर अकरा म्हणाला होतात."

ज्योतिष्याचा चेहरा उतरला. सूर्य मोजला, तर तिथेही एकशे नऊऐवजी ऐंशीसुद्धा भरेनात. राजा सिदोजीकडे वळला. त्याला वाटलं, यानं दगड वाचवला, मेहनत वाचवली आणि माझ्या आंधळ्या लेकीला फसवलं. सिदोजीनं हात जोडून सांगितलं, की दिलेल्या सुताबरहुकूमच घडवलंय. पण त्याचं कोण ऐकतो! राजानं हुकूम केला, की सूर्य आणि गुरू फोडून टाका, याच्या हातून छिन्नी-हातोडा काढून घ्या आणि याला नगराबाहेर घालवा.

येमाजी मागे उभा होता. वर्षभर ज्या घटकेची त्यानं वाट पाहिली होती ती अशी अचानक समोर आली. क्षणभर त्याला बरंही वाटलं. लपवण्यात अर्थ नाही, खरंच बरं वाटलं.

एवढ्यात ज्योतिषी बोटांवर हिशेब करू लागला. पृथ्वी एवढी, तर गुरू एवढा, आणि सूर्य आहे त्याहून दोन हात उंच हवा. त्याला बारा बैल पुरायचे नाहीत, तीस लागतील. ते ऐकून येमाजी चरकला. आपण पृथ्वी बोटाच्या पेरभरही वाढवली नव्हती, आणि तेवढ्यानं सिदोजीचा सूर्य दोन हात वाढला होता! आपण जेवढं मोठं व्हायला जाऊ, तेवढं त्याच्या-आपल्यातलं अंतर वाढतच जाणार.

या विचारात तो असताना, पृथ्वी कोणी घडवली असं विचारत राजकन्या त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या तळहातावर ती आवळ्याएवढी पृथ्वी होती.

"ही तुम्ही घडवलीत ना? मला दिसत नाही. तुम्ही सांगाल तेच मी जन्मभर खरं धरीन. आपली पृथ्वी एवढीच आहे का?"

येमाजीनं सिदोजीकडे पाहिलं. सिदोजी मान खाली घालून उभा होता. शिपायानं त्याच्या कमरेची छिन्नी काढून घेतली होती आणि त्याचे रिकामे हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"नाही, बाईसाहेब," येमाजी म्हणाला. "एवढी नाही. हिच्याहून लहान आहे. मी ती चोरून मोठी केली. सिदोजीचं माप खरं आहे, माझं खोटं आहे."

राजानं कारण विचारलं. येमाजीनं तेही सांगितलं, भर दरबारात, काही न लपवता. बारा बैलांचं सांगितलं आणि उघडलेल्या मुठीचंही.

राजानं सिदोजीवरचा हुकूम मागे घेतला. येमाजीलाही त्यानं नगराबाहेर घातलं नाही, पण बागेच्या दारावर कारागिरांची नावं कोरली गेली तेव्हा येमाजीचं नाव गाळलं. सिदोजी त्या दिवशी त्याच्याशी बोलला नाही. पुढेही कित्येक दिवस बोलला नाही. येमाजी रोज बागेत यायचा, सूर्याच्या सावलीत बसून नवी पृथ्वी घडवायचा आणि निघून जायचा. कोणी बघायला येत नसे. नवव्या दिवशी ती पुरी झाली.

राजकन्येनं पुन्हा दोरा लावला. गुरूभोवती बरोबर अकरा भरले. सूर्याभोवती मोजायला तिला बराच वेळ लागला, पण शेवटी एकशे नऊ भरले. तिचा चेहरा फुलून गेला. तिनं विचारलं, मग सूर्यच सगळ्यांत मोठा का?

ज्योतिषी हसला. तो म्हणाला, "ज्येष्ठा नावाची लाल चांदणी आहे. तिच्या रुंदीत असे सातशे सूर्य शेजारी शेजारी मावतील. ती घडवायची तर ही बाग पुरायची नाही, हे नगरही पुरायचं नाही. अर्धा कोस रुंदीचा एकच गोळा होईल."

सिदोजीनं वर मान करून आपल्या सूर्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग तो येमाजीच्या जवळ आला आणि म्हणाला, "येमा, आपण दोघांनी बोरंच घडवली की रे."

किती दिवसांनी तो बोलला होता. येमाजीनं सरकून त्याला बसायला थोडी जागा करून दिली.

तात्पर्य: दुसऱ्याच्या बरोबरीला जाण्यासाठी आपलं माप खोटं करू नये. त्यानं आपण तसूभरही मोठे होत नाही, शिक्षा मात्र खऱ्या मापाच्या माणसाला होते.