सनईवाल्याची दाढ आणि बाभळीची साल

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात रावबा नावाचा सनईवाला राहत होता. पंचक्रोशीतल्या प्रत्येक लग्नात त्याचीच सनई वाजायची. बायको अनसा त्याच्या मागं बसून दुसऱ्या सनईवर नुसता एक सूर धरून ठेवायची.

एकदा पाटलांच्या घरचं लग्न आठवड्यावर आलं आणि रावबाच्या हिरड्या सुजल्या. सनई तोंडाला लावली की रक्त यायचं. तो भागाक्काकडे गेला. ही म्हातारी झाडपाल्याची जाणकार होती. तिनं बाभळीच्या सालीचे चार तुकडे त्याच्या हातावर ठेवले.

"पाण्यात उकळ आणि कोमट झालं की सकाळ-संध्याकाळ गुळण्या कर. गिळू मात्र नकोस."

तीन दिवसांत रक्त थांबलं. रावबा गावभर भागाक्काचे गोडवे गात सुटला. पण चौथ्या दिवशी त्याचा गाल फुगला, अंगात ताप भरला. तो पुन्हा तिच्या अंगणात आला. तिथं पाच-सहा माणसं औषधासाठी बसली होती.

"आक्का, दुप्पट साल दे. कडक काढा करून पिऊनच टाकतो."

भागाक्कानं त्याला उजेडात बसवून तोंड उघडायला लावलं.

"नाही देणार. साल हिरडी आवळते. तुझ्या दाढेत पू झालाय, तिथं ती पोचत नाही. तालुक्याला दातांच्या डॉक्टरकडे चल."

"एवढं तुझं नाव, आणि सगळ्यांसमोर हात वर करतेस?"

"नाव राखायला तुझा जबडा घालवू?" तिनं पदर खोचला आणि पहिल्या एसटीनं स्वतःच त्याला घेऊन गेली.

डॉक्टरांनी पू काढला, दाढ उपटली, गोळ्या दिल्या. "वेळेत आलात," ते म्हणाले. "आता जखम भरेपर्यंत गुळण्या नकोत आणि सनईही नको."

रावबाचा चेहरा पडला. घरी येऊन त्यानं अनसाला सगळं सांगितलं. लग्नात वाजवणार कोण?

"मी वाजवते," अनसा म्हणाली. "बारा वर्षं ऐकतेच आहे."

लग्नाच्या दिवशी रावबा संबळ घेऊन बसला आणि अनसानं सनई अशी वाजवली की वाढपी पंगत सोडून मांडवात आले. नवरीची आई तर नाचलीच. रावबा हसत हसत संबळ बडवत होता.

कुणीतरी विचारलं, "रावबा, तुला बरं कुणी केलं?"

"भागाक्कानं," तो म्हणाला. "आधी साल देऊन, मग साल न देऊन."

तात्पर्य इतकंच: औषध कुठं चालतं हे ज्याला कळतं, त्यानं ते कुठं चालत नाही हेही मोकळेपणानं सांगावं, आणि आपण ते ऐकावं.