गोबऱ्याच्या नावे हुकूम

राजेसाहेबांनी महालात समुद्राच्या पाण्याची काचपेटी बसवली. चांगुणा कोळणीने तीत एकमेकांशी पटणारे बारा चिमुकले मासे सोडले. राजेसाहेबांना मात्र त्यांच्यात एक दांडगा गोबरा मासाही हवा होता.

"सरकार, तो या सगळ्यांना गिळेल," चांगुणा म्हणाली.

"माझ्या महालात माझाच हुकूम चालतो! एक जरी मासा कमी झाला, तर तुझी होडी जप्त."

"मग कुणाला खायचं नाही, असा हुकूम गोबऱ्याच्या नावे लिहून द्या."

राजेसाहेबांनी ऐटीत शिक्का मारला. चांगुणाने कागद काचेवर डकवला आणि गोबरा आत सोडला.

सकाळी पेटीत एकटा गोबरा डुलत होता. राजेसाहेब कडाडले, "हिची होडी जप्त करा!"

"माझी कशाला, सरकार? तुमचा हुकूम मोडणारा समोर आहे. पुरावाही पोटात घेऊन बसलाय."