शेरामागं एक मूठ

सोनवडीच्या सरदारांच्या मुदपाकखान्यात गोदाक्का रांधायची. तांदूळ वैरण्याआधी शेरामागं एक मूठ काढून ती रांजणात टाकायची. आईनं लावलेली सवय.

त्या पावसाळ्यात पुरानं गावाला वेढा घातला आणि आठवड्यात कोठार रिकामं झालं. बेगमी न करणाऱ्या कारभाऱ्यानं स्वतःच्या अंगावरचं झटकायला गोदाक्कालाच भर सदरेत उभं केलं.

"सरकार, ही रोज तांदूळ चोरते. मी डोळ्यांनी पाहिलंय!"

सरदारांचा चेहरा उतरला. "खरं आहे, गोदाक्का?"

"काढते, सरकार." तिनं सदरेवरून नजर फिरवली. "माझ्या पंगतीला जेवलेले सगळे इथं बसलेत. एक जण जरी कधी अर्धपोटी उठला असेल, तर त्यानं पुढं यावं. मग हा हात तोडा."

कुणीही जागचं हललं नाही.

"मग तांदूळ गेले कुठं?" कारभारी ओरडला.

"कुठंच नाही. चुलीमागच्या सात रांजणांत आहेत. आजवर ते कुणाला लागले नव्हते, आता गावाला लागतील." ती जायला वळली आणि उंबऱ्यात थांबली. "तुमचंही पान मांडते, कारभारी. पोटभर जेवा."