सगळं एकाच पाण्यावर

समुद्राकाठी एक लहानसं बंदर होतं. तिथे भागोजी नावाचा एक माणूस दोरखंड वळून पोट भरायचा. नारळाच्या काथ्याचे त्याचे दोर इतके पक्के असत की दूरदूरची गलबतं त्याच्याकडेच येत. कामाला तोटा नव्हता, घरात दोन माणसं होती, तरी भागोजीच्या मनाला स्वस्थता नव्हती. त्याला म्हातारपणाची भीती वाटायची.

या भीतीला कारण होतं. त्याचे वडीलही दोरखंडच वळायचे. चाळीस वर्षं काथ्या ओढून त्यांची बोटं आत वळली ती पुन्हा सरळ झालीच नाहीत. साठवलेलं होतं ते दोन वर्षांत संपलं. मग शेजारीण आणून देईल त्या पेजेवर ते जगले. तिला यायला उशीर झाला की ते दाराकडे बघत बसत. भागोजी तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. ते बघणं त्याच्या मनातून कधी गेलं नाही. रोज सकाळी उठला की तो आधी आपली मूठ मिटून उघडून पाहायचा, आणि मगच चूळ भरायला जायचा.

त्या मुलखात एका राणीचं राज्य होतं. म्हातारी माणसं उपाशी राहू नयेत म्हणून तिने एक नियम केला होता. बंदरावर काम करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या कमाईतला दहावा हिस्सा दर वर्षी राणीच्या कोठारात जमा करायचा. त्याला म्हणायचे उतारवयाचा वाटा. साठ वर्षं पुरी होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, मग घरावर कितीही संकट येवो. साठी झाली की तो ज्याचा त्याला मिळायचा. तो कशाच्या रूपात ठेवायचा, एवढं मात्र ज्याने त्याने ठरवायचं. कुणी डोंगरावरच्या कोठारात भात ठेवी, कुणी राणीच्या बागेत पोफळी लावून घेई, कुणी तो गलबतांच्या व्यापारात घाली. दसऱ्याला कोठाराचे कारभारी बंदरावर येऊन बसत आणि ज्याला बदल करायचा असेल त्याचं ऐकून घेत.

भागोजीने आपला वाटा भातात ठेवला होता. ठेवला आणि विसरून गेला. तो वाटा राणीचा, बाकीचं आपलं, असंच त्याने मनाशी धरलं होतं. बाकीचं म्हणजे किनाऱ्यावरची दोर वळायची छपरी, परदेशी खलाशांना भाड्याने दिलेल्या दोन खोल्या, आणि लखू नाखव्याच्या तीन गलबतांमध्ये घातलेली पुंजी. आपण तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलंय याचा त्याला मनातून अभिमानही होता.

लखू नाखवा त्याचा लहानपणापासूनचा मित्र, त्याच्याच वयाचा. भागोजीला पंचावन्न वर्षं पुरी झाली त्या साली लखूची गलबतं भरपूर नफा घेऊन आली. लखू भागोजीकडे आला आणि त्याला समजावू लागला, की भात नुसतं पडून राहतं, उंदीर खातात, जुनं होतं, आणि साठीनंतर माणूस वीस वर्षं जगला तर ते पुरणार नाही. त्याने स्वतःचा सगळा वाटा गलबतांत घातला होता. लखूच्या मनात कपट नव्हतं. मित्राचं भलं व्हावं असंच त्याला वाटत होतं.

पुरणार नाही, हा शब्द भागोजीच्या काळजात रुतला. वडिलांचंही पुरलं नव्हतं. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. दसऱ्याला सकाळीच तो कारभाऱ्यांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, की माझा सगळा वाटा गलबतांत घाला.

कारभारी म्हातारे होते, बोलायला सावकाश. त्यांनी विचारलं, घरी विचारलंस का? भागोजीने नाही म्हणून मान हलवली. तेव्हा ते म्हणाले, की मी दिवस मावळेपर्यंत इथेच आहे, जाऊन विचारून ये.

घरी येसू, त्याची बायको, काथ्या पिंजत बसली होती. भागोजीने सांगितलं ते तिने ऐकून घेतलं. हातातला काथ्या बाजूला ठेवला. मग तिने विचारलं, "यंदा गलबतं आलीच नाहीत, तर आपलं काय काय जाईल?"

भागोजी म्हणाला, नाखव्याकडे घातलेली पुंजी जाईल.

"आणि दोरखंड कोण घेईल?"

भागोजीने किनाऱ्यावरच्या छपरीकडे पाहिलं.

"खोल्यांत कोण राहायला येईल?"

तेव्हा भागोजीला उमगलं. तीन ठिकाणी ठेवलंय असं तो इतकी वर्षं समजत होता, आणि तिन्ही एकाच पाण्यावर उभी होती. डोंगरावर होतं ते फक्त ते भात, ज्याकडे त्याने कधी बघितलंही नव्हतं, आणि आज तेही तो समुद्रात ढकलायला निघाला होता.

"तुमचे हातही त्यातच धरा," येसू हळूच म्हणाली. "तीच आपली सगळ्यात मोठी मिळकत. तीही गलबतांवरच अवलंबून आहे, आणि दर वर्षी थोडी कमी होतेय."

हे ऐकल्यावर भागोजीला इतकी भीती वाटली की त्याने दुसरं टोक गाठलं. आजच्या आज सगळं विकू, छपरीही विकू, आणि येईल त्याचं भात घेऊन ठेवू, असं तो म्हणू लागला. येसूने त्याला खाली बसवलं. तिचं म्हणणं असं, की दोर वळायचे तर समुद्राशी बांधलेलं राहावंच लागेल, तो धंदाच आपला आहे. नाखव्याच्या गलबतांतली सगळी पुंजीही काढायला नको, ती वाढते तेव्हा चांगली वाढते. पण कोठार उघडायला अजून पाच वर्षं आहेत. मधल्या पाच वर्षांत काही झालं, तर भात डोंगरावर दिसेल आणि खाता येणार नाही. तेव्हा हाताशी असं काहीतरी हवं, ज्याचा समुद्राशी संबंध नाही.

दिवस मावळायच्या आत भागोजी कारभाऱ्यांकडे परत गेला. त्याने निम्मा वाटा भातातच ठेवला आणि निम्मा पोफळींत घालायला सांगितला, कारण भात संपतं आणि पोफळ दर वर्षी फळ देते. दुसऱ्या दिवशी नाखव्याकडून त्याने अर्धी पुंजी काढून घेतली. येसूच्या माहेरी, डोंगरापलीकडे, झऱ्याकाठचा एक लहानसा तुकडा विकायचा होता, तो घेतला. लखूला वाईट वाटलं. तो म्हणाला, "माझ्यावर भरवसा नाही का तुझा?" भागोजी खाली मान घालून घरी आला.

पुढची दोन वर्षं भागोजीची फार वाईट गेली. लखूची गलबतं दोन्ही वर्षी दुप्पट घेऊन आली. बंदरावरचे लोक भागोजीला बघून हसायचे. येसूचा तो तुकडा खडकाळ निघाला, पहिल्या साली तिथे कुळीथही धड झाले नाहीत. आपण घाबरून चूक केली, आता खरोखरच पुरणार नाही, असं त्याला रोज वाटायचं. प्रत्येक दसऱ्याला तो कारभाऱ्यांपर्यंत जायचा, थोडा वेळ उभा राहायचा, आणि वाटा न बदलता परत यायचा. हे धैर्य होतं असं नाही. एक भीती त्याला पुढे ढकलायची, दुसरी मागे ओढायची.

तिसऱ्या वर्षी दिवाळी झाल्यावर गलबतं निघाली. लखूचं वय झालं होतं, म्हणून तो किनाऱ्यावरच राहिला. गलबतं शिमग्याआधी परत यायची होती.

शिमगा आला. बायका रोज किनाऱ्यावर जाऊन उभ्या राहायच्या. पाणी अगदी शांत होतं, आणि ते शांत होतं म्हणूनच त्याच्याकडे बघवत नव्हतं. गुढीपाडवा गेला. कुणी विचारलं तर लखू म्हणायचा, वारा पडला असेल, येतील.

वैशाखात एक खलाशी चालत चालत गावात आला. त्याला कुणी ओळखलं नाही इतका तो वाळला होता. पाणी पिऊन झाल्यावर त्याने सांगितलं, की निघाल्यावर नवव्या दिवशी वादळ झालं आणि तिन्ही गलबतं बुडाली. त्या वर्षी बंदरातल्या अकरा घरांची माणसं परत आली नाहीत. पैशाचं दुःख नंतरचं.

पण नंतर तेही आलं. लखूची गलबतं गेली तसा बंदरात माल येईना, म्हणून बाहेरचीही यायची थांबली, ती दुसऱ्या बंदराला जाऊ लागली. दोरखंडांवर बुरशी चढली. खोल्या रिकाम्या पडल्या. येसूने दसऱ्याच्या दिवशी विचारलं होतं ते सगळं त्याच क्रमाने घडत गेलं, आणि ते घडताना बघणं भागोजीला फार भयंकर वाटलं. डोंगरावर त्याचं भात होतं, पोफळी होत्या. साठीला दोन वर्षं बाकी होती, आणि नियम राणीचा होता.

ती दोन वर्षं त्या खडकाळ तुकड्याने काढली. भागोजी आणि येसू डोंगरापलीकडे जाऊन राहिले. दगड वेचले, बांध घातला, झऱ्याचं पाणी वळवलं. थोडी नाचणी झाली, वाल झाले. पोट अर्धं भरायचं. आजारी पडलो तर काय, हा विचार पाठ सोडत नव्हता. पण रोज चूल पेटत होती.

दोन वर्षांनी भागोजीला साठ वर्षं पुरी झाली. लखूलाही झाली. दोघं एकाच दिवशी डोंगरावरच्या कोठारापाशी आले. लखूचे केस पांढरे झाले होते आणि पायांत वहाणा नव्हत्या.

कारभाऱ्यांनी आधी भागोजीचं नाव घेतलं. वर्षभराचं भात मोजून दिलं, साठा आहे तोवर दर वर्षी असंच मिळेल म्हणाले, आणि पोफळींचा हिशेब सांगितला. श्रीमंती नव्हती ती. दोन माणसं बेताने जगतील एवढंच.

मग त्यांनी लखूचं नाव घेतलं. लखू पुढे झाला. कारभाऱ्यांच्या मागे कोठार उघडं होतं, पण त्यातून लखूला द्यायचं असं काही नव्हतं. त्याचा वाटा गलबतांबरोबर गेला होता. त्यांनी एवढंच सांगितलं, आणि त्यांना पुढचं नाव घ्यायचा धीर होईना.

त्या दसऱ्याला कारभाऱ्यांनी भागोजीला घरी परत पाठवलं नसतं, तर इथे दोघं रिकाम्या हाताने उभे असते.

उतरताना भागोजीने भाताचं एक पोतं लखूच्या खांद्यावर दिलं आणि एक स्वतः घेतलं. अर्ध्या वाटेवर लखू म्हणाला, "तुला कळलं होतं, तर मला का नाही सांगितलंस?"

"मला कळलं नव्हतं," भागोजी म्हणाला. "मी घाबरलो होतो. तुझी गलबतं दुप्पट घेऊन यायची तेव्हा मला वाटायचं, मीच मूर्ख आहे. तुला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

लखूने मान डोलावली. वाट उताराची होती आणि खांद्यावर ओझं होतं. भागोजीने त्याला पुढे चालू दिलं आणि आपण त्याच्या मागे, जरा जवळून, चालत राहिला.

तात्पर्य एवढंच: म्हातारपणाची पुंजी वेगळी ठेवावी, पण वेगळी मोजू नये. आपले हात, धंदा, घर आणि साठवण सगळं एकदा शेजारी मांडून पाहावं, कारण वेगवेगळ्या नावांनी ठेवलेलं सगळं एकाच पाण्यावर असू शकतं.