पाटलांची खूण

घनगिरी महाराज त्या चातुर्मासात टाकळझिऱ्याला भैरोबाच्या देवळात उतरले होते. त्यांच्यापाशी सारजा नावाची धनगराची बाई लोकर कातीत बसे. लहानपणी देवी आल्या, त्यात तिचे डोळे गेले आणि कानही गेले. महाराजांनी रीत घालून दिली होती, की सारजाजवळ येणाऱ्याने आधी आपली खूण तिच्या हाती द्यावी. कुंभार अंगठ्याचा घट्टा देई, गुरव गळ्यातली माळ. मग तिची भावजय ठकू त्याचे बोलणे तिच्या तळव्यावर बोटांनी सांगे. सारजा तशीच उत्तर देई, थट्टासुद्धा करी.

हैबतराव पाटलांना हे खरे वाटेना. "पापणीखालून बघते ती," ते पारावर म्हणत, "आणि बुवा तिच्या जिवावर तूप खातो."

एकदा ते गुरवाची माळ घालून गेले. सारजाने माळ चाचपली, मनगट चाचपले आणि हात काढून घेतला.

"ओळखलं की! डोळ्यांवाचून कसं?" पाटील हसले.

महाराज एवढेच म्हणाले, "खोटी खूण देऊ नये, पाटील. तिच्यापाशी दुसरं काही नाही."

पाटलांच्या घरी वेगळेच दुःख होते. त्यांची म्हातारी आई, बायजाबाई, वर्षभरात आंधळी आणि बहिरी झाली होती. भरवणाऱ्या हाताला चावे, घास थुंकून टाके. आता तर ती दात घट्ट मिटून तोंडच उघडत नव्हती. वैद्य म्हणाला, फार दिवस काढणार नाही. पाटलांनी ही गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नव्हती.

पाटलांनी खोटी खूण दिली, त्याच संध्याकाळी भजन चालू असताना सारजाने लोकर कातायची चाती खाली ठेवली आणि ठकूला ओढत थेट पाटलांच्या दारात आणले. मागून महाराज आले.

पाटलांनी दार अडवले. "कोणी फोडलं? आमची सून बोलली का गडी?"

"आम्हाला काहीच ठाऊक नाही," महाराज म्हणाले. "भैरोबानं तिच्या तळव्यावर काय लिहिलं, ते त्यालाच माहीत."

सारजा म्हातारीपाशी बसली. म्हातारीने तिचा हात झिडकारला. सारजाने तो पुन्हा उताणा ठेवला आणि वाट पाहिली. बऱ्याच वेळाने म्हातारीची बोटे त्यावर आली. सारजाने ती आपल्या मिटल्या पापण्यांवर नेली, मग कानांवर. म्हातारी थबकली.

"आता तुमची खूण द्या," महाराज म्हणाले.

"मी मुलगा आहे तिचा!"

"ते तिला कोणी कळवलं?"

पाटलांचा हात आपल्या डोक्याकडे गेला. पोरपणी बैलाचे शिंग लागले होते, त्याचा व्रण टाळूवर होता. आईनेच त्यात हळद भरली होती. त्यांनी पागोटे उतरवले आणि डोके आईच्या हाताखाली धरले.

बोटे फिरली, व्रणावर थांबली.

"हैबती?" म्हातारी म्हणाली. "कुठं होतास रे? परकी माणसं येऊन तोंडात काहीबाही कोंबत होती. मला वाटलं, तुला मारून घर बळकावलं."

मग तिने पेज मागितली. सगळी वाटी प्याली.

पाटील उघड्या डोक्यानेच सारजापुढे वाकले. तिचा हात धरून त्यांनी तो आपल्या व्रणावर ठेवला. सारजाने तो नीट चाचपला आणि ठकूच्या तळव्यावर काही लिहिले.

"ती म्हणते," ठकू म्हणाली, "या, पाटील. आता ओळख झाली."